मूषकश्रेष्ठीचें भांडवल

मेलेल्या उंदराचें भांडवल करून श्रीमंत झालेल्या तरुणाची कथा आपल्या प्राचीन वाङ्मयांत मुख्यतः दोन ठिकाणीं आढळते. एक पालि जातकसंग्रहांतील चौथें, म्हणजे चुल्लकसेट्ठिजातक. आणि दुसरें सोमदेवभट्टाच्या कथासरित्सागरांतील कथापीठ नांवाच्या पहिल्या लंबकाचा सहावा तरंग. दिव्यावदानांतील चूडापक्षावदानांतही हाच विषय आला आहे. मुलांस उद्योगाचें महत्त्व पटविण्यासाठीं ही गोष्ट सांगावी, एवढाच तिचा उपयोग सामान्यतः समजला जातो. आमच्या मतें ती याहून अधिक बारकाईनें वाचण्याजोगी आहे. धन कसें जोडावें, जोडलेलें कसें वाढवावें आणि दुसऱ्याचें घेतलेलें कसें फेडावें, या तीन प्रश्नांस दोन्ही पाठांनीं दिलेलीं उत्तरें एकसारखीं नाहींत. शिवाय दुसऱ्या पाठाचें स्थळ आपलें पैठण आहे. तेव्हां पैठण ज्यांच्या राज्यांत होतें त्या काळचे नाशिक येथील शिलालेख शेजारीं ठेवून ही कथा वाचली, तर तींतून इतिहासास काय घेतां येईल आणि काय घेतां येणार नाहीं याचा कांहीं निर्णय करतां येतो.

प्रथम जातककथा पाहूं. बुद्ध राजगृहाजवळ जीवकाच्या आम्रवनांत असतांना चुल्लपंथक नांवाच्या भिक्षूच्या निमित्तानें ही पूर्वकथा निघाली, असा तिचा उपोद्घात आहे. वाराणसींत ब्रह्मदत्त राज्य करीत असतां बोधिसत्त्व श्रेष्ठिकुळांत जन्मला होता व त्यास चुल्लकसेट्ठि म्हणत. राजदर्शनास जातां जातां रस्त्यांत मरून पडलेला उंदीर त्याच्या दृष्टीस पडला. त्या वेळचें नक्षत्र मनांत आणून तो बोलून गेला कीं, डोळस कुलपुत्रानें हा उंदीर उचलला, तरी त्याला बायको पोसतां येईल आणि धंदाही उभारतां येईल. हें बोलणें एका चांगल्या घरच्या पण विपन्न झालेल्या तरुणाच्या कानीं पडलें. श्रेष्ठी उगीच बोलणार नाहीं असें म्हणून त्यानें उंदीर उचलला आणि एका दुकानांत मांजरासाठीं विकला. त्यास एक काकणी मिळाली. काकणीचा त्यानें गूळ घेतला, घागरभर पाणी घेतलें, आणि रानांतून फुलें घेऊन परतणाऱ्या माळ्यांस चिमूट चिमूट गूळ व ओंजळभर पाणी दिलें. प्रत्येकानें त्यास मूठभर फुलें दिलीं. दुसऱ्या दिवशीं फुलांच्या पैशांचा अधिक गूळ घेऊन तो फुलबागेंतच गेला. माळ्यांनीं अर्धीं फुलें तोडून उरलेलीं झाडांवर त्याच्यासाठीं ठेविलीं. अशा रीतीनें थोड्याच दिवसांत त्याच्या हातीं आठ कार्षापण आले.

पुढें एके दिवशीं वादळी पाऊस होऊन राजाच्या उद्यानांत वाळक्या फांद्यांचा व पाल्याचा खच पडला. तो काढावा कसा, ही माळ्यास विवंचना पडली. लांकूड व पाला मला देत असाल तर मी सर्व साफ करतों, असा करार करून हा तरुण पोरांच्या खेळण्याच्या जागेवर गेला, आणि गुळाच्या खाऊवर त्यानें सर्व काटक्या उद्यानाच्या दाराशीं रचून घेतल्या. राजाच्या कुंभारास भट्टीसाठीं सरपण हवेंच होतें. त्यानें सोळा कार्षापण व कांहीं भांडीं देऊन तो ढीग उचलला. आतां चोवीस कार्षापण झाले. मग तो नगराच्या वेशीजवळ पाण्याचा रांजण घेऊन बसला आणि पांचशें गवत कापणाऱ्यांस पाणी पाजूं लागला. ते म्हणाले, तुझ्यासाठीं आम्ही काय करूं? तो म्हणाला, वेळ येईल तेव्हां सांगेन. याच सुमारास त्यानें एका खुष्कीच्या व एका जलमार्गाच्या व्यापाऱ्याशीं मैत्री केली. पहिल्यानें सांगितलें, उद्यां पांचशें घोडे घेऊन सौदागर येत आहे. लागलीच त्यानें गवत कापणाऱ्यांकडून प्रत्येकी एक पेंढी मागून घेतली आणि माझें गवत विकलें जाईपर्यंत तुमचें विकूं नका असें सांगितलें. सौदागरास दुसरीकडे गवत मिळेना. त्यानें हजार नाणीं मोजून त्या पांचशें पेंढ्या घेतल्या. पुढें दुसऱ्या मित्राकडून बातमी आली कीं, पट्टनांत मोठें जहाज लागलें आहे. तेव्हां आठ कार्षापण देऊन त्यानें सजविलेला रथ तासांच्या बोलीवर भाड्यानें घेतला, ऐटींत धक्क्यावर गेला, आपली मुद्रिका विसार म्हणून ठेवून सगळें जहाज उधार घेतलें, आणि जवळच राहुटी ठोकून बसला. भेटीस येणारांस तीन तीन द्वारपालांच्या हातांतून आपल्यापुढें आणावें असा त्याचा हुकूम होता. वाराणसीचे शंभर व्यापारी माल घेण्यास आले, तों माल आधींच विकलेला. प्रत्येकानें जहाजांत भाग मिळावा म्हणून एक हजार दिले, आणि त्याचा उरलेला हक्क सोडवून घेण्यासाठीं आणखी एक हजार दिले. दोन लक्ष घेऊन तो घरीं आला. त्यांतील एक लक्ष घेऊन तो कृतज्ञतेनें चुल्लकसेट्ठीकडे गेला. हें सर्व चार महिन्यांत झालें हें ऐकून श्रेष्ठीनें त्यास आपली उपवर कन्या दिली, व पुढें श्रेष्ठिपदही त्यासच मिळालें.

आंकड्यांकडे लक्ष दिलें म्हणजे कथेचा सांधा कोठें आहे तें दिसतें. एक काकणी, आठ, चोवीस, एक हजार, दोन लक्ष. चोवीसापर्यंतची वाट कष्टाची आणि काटकसरीची आहे. तेथपर्यंत त्यानें कोणाचेंही अडवून घेतलें नाहीं, उलट दुसऱ्यास जें टाकाऊ वाटत होतें त्यालाच गिऱ्हाईक शोधलें. हजारांची मजल मात्र गवताच्या मक्त्यानें मारली आहे. घोड्यांस चाऱ्यावांचून ठेवतां येत नाहीं हें हेरून केलेली ही अडवणूक होय. आणि शेवटची दोनशें पटींची उडी तर केवळ पतीवर घेतलेली आहे, व ती पतही भाड्याच्या रथाची. जातककारास यांत कांहीं गैर वाटलेलें नाहीं. तो कौतुकानेंच सांगतो. बचतीची कथा म्हणून ही गोष्ट सांगणारे बहुधा जहाजाचा भाग गाळतात, याचें कारण उघड आहे. परंतु तो भाग गाळला तर धनाचा बहुतेक सर्व आंकडाच गळतो! कौटिलीय अर्थशास्त्रांत शेंकडा दरमहा सव्वा पण हें धर्म्य व्याज सांगून व्यापाऱ्यांस पांच, अरण्यांतून जाणारांस दहा आणि समुद्रावर जाणारांस वीस पण असा दर दिला आहे. जहाजाच्या मालावर पैसा गुंतविणें म्हणजे केवढें धाडस समजलें जात असे, हें त्यावरून कळतें. आमच्या तरुणानें तें धाडस शंभर जणांच्या गळ्यांत घालून आपण अंग काढून घेतलें.

येथें एक सूचना आवश्यक आहे. जातकांवरून बुद्धकालीन व्यापाराचें चित्र काढण्याची रीत फिक् व र्‍हिस् डेव्हिड्स् यांच्या ग्रंथांपासून रूढ झाली. पण जातकांत प्राचीन भाग तो गाथांचा. गद्यकथा अट्ठकथेंतील असून तिचें आजचें रूप बरेंच उत्तरकालीन आहे. या जातकाच्या गाथेंत उंदीर नाहीं, गवत नाहीं, जहाजही नाहीं. चतुर मनुष्य अल्प भांडवलावर वर येतो व तें ठिणगी फुंकून अग्नि चेतविण्यासारखें आहे, एवढाच तिचा आशय. काकणीपासून दोन लक्षांपर्यंतची सगळी मांडणी गद्याची आहे. तेव्हां घोड्यांचा सौदागर वाराणसीस बुद्धकाळीं येत होता असें या आधारावर म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. पट्टनाचा उल्लेखही तसाच. वाराणसीपासून समुद्र किती दूर आहे हें सांगावयास नकोच. गंगेवरील बंदर मानलें तरच कथा उभी राहते.

आतां कथासरित्सागराकडे वळूं. हा ग्रंथ सोमदेवानें काश्मीरच्या अनंत राजाची राणी सूर्यवती हिच्यासाठीं इ. स. 1063 ते 1081 च्या दरम्यान रचला. ब्रॉकहाउसनें 1839 सालीं त्याचे पहिले पांच लंबक छापले व पुढील भाग 1866 पर्यंत पुरे केले. आपल्याकडे दुर्गाप्रसाद व परब यांची निर्णयसागर प्रत 1889 ची. या ग्रंथांत गुणाढ्य आपली हकीकत काणभूतीस सांगत आहे. विद्या संपादून तो प्रतिष्ठान देशांतील सुप्रतिष्ठित नगरांत परत आला, तेव्हां ठिकठिकाणीं सामगायक, वेदपंडित, जुगारी आपापल्या कलेची बढाई मारतांना त्यानें ऐकले. वाण्यांच्या एका टोळक्यांत एक जण म्हणत होता, धनानें धन मिळविलें यांत नवल काय? मी धनावांचून लक्ष्मी मिळविली.

त्यानें सांगितलेली हकीकत अशी. तो गर्भांत असतांनाच बाप वारला व भाऊबंदांनीं आईचें सर्वस्व हिरावून घेतलें. जिवाच्या भीतीनें ती पळाली आणि नवऱ्याचा मित्र कुमारदत्त याच्या घरीं राहिली. तेथें मुलगा झाला. मोलमजुरी करून तिनें त्यास वाढविलें, एका उपाध्यायाची विनवणी करून त्यास लिहिण्यास व हिशेबास शिकविलें. मग ती म्हणाली, तूं वाण्याचा मुलगा आहेस, आतां व्यापार कर. या देशांत विशाखिल नांवाचा मोठा धनिक आहे, तो चांगल्या कुळांतल्या गरिबांस भांडवल देतो, त्याच्याकडे जा. मुलगा गेला त्याच वेळीं विशाखिल दुसऱ्या एका वाणीपुत्रावर रागावला होता: हा जमिनीवर मेलेला उंदीर दिसतो ना? कर्तबगार मनुष्य एवढ्यावरही धन जोडील. तुला मीं पुष्कळ दीनार दिले, ते वाढविणें राहिलें, तुला राखतांही आले नाहींत. हें ऐकून मुलगा पुढें झाला व म्हणाला, हा उंदीर मीं तुमच्याकडून भांडवल म्हणून घेतला. त्यानें तसें खत लिहून दिलें, विशाखिलानें तें पेटींत ठेविलें, आणि मुलगा उंदीर घेऊन निघाला.

एका वाण्यानें मांजरासाठीं दोन ओंजळी चणे देऊन उंदीर घेतला. मुलानें चणे दळले, घागरभर पाणी घेतलें आणि गांवाबाहेर चव्हाट्यावर सावलींत जाऊन थांबला. मोळ्या घेऊन थकून येणाऱ्या लांकूडतोड्यांस त्यानें विनयानें चण्याचें पीठ व पाणी दिलें. प्रत्येकानें प्रेमानें दोन दोन लांकडें दिलीं. तीं बाजारांत विकून आलेल्या पैशांच्या थोड्या भागाचे पुन्हां चणे घेतले, बाकीचे ठेविले. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच. असें रोज करतां करतां पैसा जमला, तेव्हां त्यानें तीन दिवसांचें सर्व लांकूड विकत घेऊन ठेविलें. इतक्यांत मोठा पाऊस लागला, लांकडाची टंचाई झाली, आणि तें अनेक शें पणांस विकलें गेलें. त्या पैशांवर दुकान घातलें व हळूहळू श्रीमंत झाला. मग त्यानें सोन्याचा उंदीर घडवून विशाखिलास नेऊन दिला. विशाखिलानें त्यास कन्या दिली. लोक त्यास मूषक म्हणूं लागले.

दोन्ही पाठ जवळ ठेवले म्हणजे फरक नुसता तपशिलाचा नाहीं हें ध्यानांत येतें. जातकांत उंदीर रस्त्यावरचा आहे, त्याचा कोणी धनी नाहीं. श्रेष्ठीचें बोलणें तेवढें कानावर पडलें आहे. सोमदेवाच्या कथेंत उंदीर सावकाराच्या घरांतला आहे आणि तो कर्ज म्हणून घेतलेला आहे. त्याचें खत झालें आहे, तें पेटींत पडलें आहे, आणि शेवटीं तें फेडलें गेलें आहे. जातकांतला तरुण मिळकतीचा अर्धा भाग नेऊन देतो तो कृतज्ञता म्हणून; मूषक सोन्याचा उंदीर देतो तो ऋणको म्हणून. त्याच घरांत पुष्कळ दीनार घेऊन बुडविणारा दुसरा ऋणकोही उभा केला आहे. नक्षत्राचा येथें पत्ता नाहीं. त्याऐवजीं आईनें मिळवून दिलेलें लिहिणें व हिशेब आहे, आणि तें नसतें तर खत लिहिलेंच गेलें नसतें. आलेल्या पैशांतला थोडाच पुन्हां चण्यांत घालावा व उरलेला राखावा, ही गोष्टही फक्त सोमदेवानें स्पष्ट सांगितली आहे. पावसाचा लाभ त्यास मिळाला खरा, पण त्यापूर्वीं त्याच्या घरीं तीन दिवसांचा सांठा होता. आमच्या दृष्टीनें हा पाठ कथा म्हणून कमी चमत्कारिक आणि व्यवहार म्हणून अधिक सच्चा आहे.

उंदीर कशासाठीं घेतला हें सांगतांना सोमदेवानें 'भाण्डमूल्य' हा शब्द घातला आहे. भांड म्हणजे विक्रीचा माल, व त्याचें मूल्य म्हणजे माल घेण्यास लागणारा पैसा. आपल्या मराठींतील 'भांडवल' शब्द याच घराण्यांतला दिसतो. ज्या शब्दानें आज आपण गिरण्यांचें व पेढ्यांचें मूळधन सांगतों, तो संस्कृत कथेंत एका मेलेल्या उंदरास लावलेला आढळावा, हा योग मोठा मौजेचा आहे.

कथा पैठणची म्हणून ती सातवाहनकालीन मानावी काय? मोह पडण्यासारखा आहे, पण तो आवरला पाहिजे. गुणाढ्याच्या बृहत्कथेचा एक स्वतंत्र पाठ बुधस्वामीच्या बृहत्कथाश्लोकसंग्रहांत आहे. त्याची नेपाळांतील पोथी हरप्रसाद शास्त्री यांनीं 1893 सालीं उजेडांत आणली व लाकोत यानें 1908 पासून ती संपादिली. तो ग्रंथ उज्जयिनीपासून सुरू होतो; गुणाढ्य, काणभूति, सातवाहन यांचें कथापीठ त्यांत नाहीं. अर्थात् ज्या चौकटींत मूषकाची गोष्ट बसविली आहे ती चौकटच काश्मिरी परंपरेची आहे. उंदराची गोष्ट स्वतः जुनी असेल. तिला पैठणांत नेऊन बसविणें मागाहूनचें असण्याचा संभव अधिक. दीनार शब्दही याच बाजूस साक्ष देतो. तो रोमन दिनारियसवरून आला व गुप्तकाळीं सोन्याच्या नाण्यास रूढ झाला. सांची येथील गुप्त संवत् 93 च्या लेखांत 25 दीनारांची देणगी आहे. परंतु काश्मिरांत दीन्नार हें हिशेबाचें अगदीं लहान मान होतें, हें स्टाइननें राजतरंगिणीच्या 1900 सालच्या भाषांतरांत दाखविलें आहे. सोमदेवाच्या वाचकानें 'पुष्कळ दीनार' म्हणजे कोणती रक्कम समजली असेल, याविषयीं म्हणून सावधगिरी हवी.

सातवाहनकाळचा खरा व्यवहार पाहावयाचा तर त्रिरश्मि डोंगरावर, म्हणजे नाशिकच्या पांडवलेण्यांत गेलें पाहिजे. तेथील 10 क्रमांकाच्या लेण्यांत क्षहरात नहपानाचा जांवई उषवदात याचा 42 व्या वर्षाचा लेख आहे. त्यानें भिक्षुसंघास 3000 काहापणांची 'अखयनीवि', म्हणजे कधीं न सरणारी ठेव, दिली. ही रक्कम गोवर्धन येथील श्रेणींकडे ठेविली: 2000 कोष्ट्यांच्या एका निकायाकडे दरमहा शेंकडा एक या व्याजानें, आणि 1000 दुसऱ्या कोष्टीनिकायाकडे शेंकडा पाऊण या दरानें. मुद्दल परत द्यावयाचें नाहीं, व्याजच भोगावयाचें, असें लेखांत स्पष्ट आहे. दोन हजारांच्या व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा काहापण चीवरासाठीं द्यावयाचे आहेत. हिशेब करून पाहावा: शेंकडा एक दरमहा म्हणजे दोन हजारांस वर्षाला 240, आणि वीस भिक्षूंस बारा प्रमाणें 240च होतात. एक काहापण इकडे नाहीं कीं तिकडे नाहीं. सर्व व्यवहार निगमसभेंत ऐकविला गेला व फलकावर नोंदला गेला, हेंही लेखच सांगतो. पुढील ओळींत 35 काहापणांचा एक सुवर्ण हा भाव दिला आहे.

विशाखिलाची पेटी व निगमसभेचा फलक यांत जें साम्य आहे तें आम्हांस महत्त्वाचें वाटतें. कथेंत उंदराचें खत होतें. लेखांत तीन हजारांची नोंद होते. घेतलेल्या धनाची लेखी साक्ष असावी ही रीत काश्मिरी कवीनें कल्पनेंतून काढलेली नव्हे, ती देशांत फार जुनी होती, एवढें नाशिकच्या भिंतीवरून खात्रीनें म्हणतां येतें. धर्म्य मानलेल्या सव्वा टक्क्याहून येथील दर कमी आहेत, याचें कारण ठेव कायमची व कर्जदार सावध श्रेणी, असें आम्ही समजतों. रक्कम दोन निकायांत विभागली हाही सावधपणाच. आभीर ईश्वरसेनाच्या 9 व्या वर्षीं विष्णुदत्ता नांवाच्या उपासिकेनें आजारी भिक्षूंच्या औषधासाठीं ठेविलेली रक्कम अशीच निरनिराळ्या श्रेणींत वांटलेली आहे; त्यांत कुंभार, जलयंत्रें करणारे व तेली येतात. जुन्नरच्या लेखांतही धान्यविक्ये, बुरूड आणि कांसार यांच्या श्रेणी आढळतात.

याच गोवर्धनच्या परिसरांत याच्या उलट प्रकारचा पुरावाही मिळाला आहे. 1906 सालीं नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा सांठा सांपडला. नाणीं तेरा हजारांहून अधिक, सुमारें 13,250. त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हां उमटविलेला आहे. नहपानाचा इतिहास लावण्यास या सांठ्याचा जो उपयोग झाला तो सर्वश्रुत आहे. येथें आम्हांस दुसरेंच पाहावयाचें आहे. या नाण्यांसच लेखांतील काहापण मानावें असें अनेक नाणकशास्त्रज्ञांचें मत आहे. तें धरून चाललें, तर हा सांठा उषवदाताच्या दरानें कोष्ट्यांकडे ठेविला असता वर्षाला 1590 काहापण आले असते, आणि त्यांतून 132 भिक्षूंचीं चीवरें झालीं असतीं. तो मातींत पडून राहिला, आणि जेवढा पुरला तेवढाच वर आला. पुरणारास दोष देणें मात्र उचित नव्हे. एक राजवंश जाऊन दुसरा आला असतां, आणि हातांतल्या नाण्यावर दोन राजांचे छाप असतां, कोणती श्रेणी उद्यां उभी राहील हें कोणास ठाऊक? गौतमीपुत्राच्या 18 व्या वर्षाच्या नाशिक लेखांत पूर्वीं उषवदाताकडे असलेलें 200 निवर्तनांचें शेत तो भिक्षूंस देत आहे. मालकी बदलत होती, हें त्यावरून उघड आहे.

पंचतंत्रकारानें हा विषय दुसऱ्याच उंदराच्या तोंडीं घातला आहे. मित्रसंप्राप्तींतील हिरण्यक दक्षिणेकडील महिलारोप्य नगराजवळच्या मठांत, पुरलेल्या धनावर बीळ करून राहतो. त्या धनाच्या उष्णतेनें त्यास उंच खुंटीवरील भिक्षापात्रापर्यंत उडी मारतां येते. संन्याशांनीं खणून धन नेलें तेव्हां उडी संपते आणि अनुचरही सोडून जातात. मेलेला उंदीर एकाला श्रेष्ठी करतो आणि जिवंत उंदीर ठेव्यावर बसून ठेव्यासकट बुडतो. या दोन उंदरांची जोडी कोणी मुद्दाम जुळविली असेल असें आम्ही म्हणत नाहीं, पण दोन्ही कथा एकाच समाजांत सांगितल्या जात होत्या. त्याच तंत्रांतील सोमिलक कोष्ट्याची गोष्ट तर अधिकच कडू आहे. तो वर्धमानपुरास जाऊन तीन वर्षांत तीनशें सुवर्ण मिळवितो व घरीं येतांना वाटेंत गमावतो. पुन्हां एका वर्षांत पांचशें मिळवितो व तेही गमावतो. शेवटीं त्यास गुप्तधन व उपभुक्तधन अशा दोन वाण्यांचीं घरें दाखविलीं जातात. पहिल्याकडे पुष्कळ आहे व तो देतही नाहीं, खातही नाहीं. दुसऱ्याकडे थोडें आहे पण पाहुण्यास मान आहे. सोमिलक दुसरा होणें पसंत करतो. किलहॉर्न व ब्यूलर यांनीं मुंबईस 1868-69 मध्यें छापलेल्या पंचतंत्रांत ही कथा वाचावयास मिळते. कष्टानें मिळतें पण टिकत नाहीं, हा अनुभव ज्यांस आहे त्यांना मूषकापेक्षां सोमिलकच ओळखीचा वाटेल.

किती खावें व किती राखावें याचें प्रमाण या कथांत कोठेंच दिलेलें नाहीं. तें पाहिजे असेल तर दीघनिकायांतील सिगालोवादसुत्त पाहावें. तेथें गृहस्थाच्या मिळकतीचे चार भाग केले आहेत: एक भोगावा, दोन धंद्यांत घालावे, चौथा आपत्कालासाठीं ठेवावा. अमेरिकेंत जॉर्ज क्लेसन् यानें 1926 पासून बाबिलोनच्या कल्पित धनिकांच्या कथा पत्रकरूपानें लिहिल्या व बँका आणि विमा कंपन्यांनीं त्या ग्राहकांस वांटल्या. त्यांत मिळकतीचा दशांश राखावा असा नियम आहे. तो नियम बाबिलोनच्या इष्टिकालेखांचा नसून क्लेसन् याचा आहे, हें त्या गोष्टी वाचून भारावणारांनीं लक्षांत ठेवावें. सिगालास सांगितलेलें प्रमाण त्याहून पुष्कळ कडक आहे. पाऊण भाग हातचा सोडावयाचा नाहीं, हें चोवीस कार्षापणांच्या धन्यास कितपत साधतें, हा प्रश्न वेगळा.

पोथ्या संग्रह करणारांस एक विनंती आहे. कथासंग्रहांचीं बाडें चाळतांना उंदराच्या भांडवलाची गोष्ट आली, तर केवळ 'उंदराची कथा' अशी नोंद करून पुढें जाऊं नये. उंदीर रस्त्यावरचा कीं सावकाराच्या घरचा, त्याचें खत होतें कीं नाहीं, पाणी कोणास पाजलें, माळ्यांस, गवत कापणारांस कीं लांकूडतोड्यांस, मोबदला गुळाचा कीं चण्यांचा, जहाज आहे कीं नाहीं, आणि शेवटीं सावकारास काय परत जातें, एवढ्या सहा बाबी टिपून घ्याव्या. तेवढ्यावरून पोथी पालि शाखेची कीं काश्मिरी शाखेची हें ठरवितां येतें. आणि दोहोंची भेसळ असल्यास तीही सहज ओळखूं येते.